टाकीवरचं नाव

१

सोमवारी सकाळी सव्वासातला भिंती धुणाऱ्या पथकाची गाडी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यापाशी येऊन थांबली. पलीकडच्या मालधक्क्यावरून तक्रार आली होती, की कारखान्याच्या गच्चीवरच्या टाकीवर कुणीतरी पुन्हा रंग फासलाय. ड्रायव्हर पंपाचा पाइप सोडवत बसला आणि पथकाची प्रमुख बाई वर जायचा लोखंडी जिना बघायला मागच्या आवारात गेली.

फळ्यांच्या ढिगामागे तिला आधी बूट दिसले. कुणीतरी झोपलंय असं वाटून तिने हटकलं. मग पिवळं जाकीट दिसलं, मानेचा कोन दिसला. तीन दिवसांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, हेच जाकीट घातलेला हा तरुण तिच्या ऑफिसात तिच्यासमोर खुर्चीवर बसला होता. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागले तेव्हा त्याने हसत हसत त्यांवर आपली किल्ली ठेवली होती.

तिने ड्रायव्हरला हाक मारली की नाही, हे तिला नंतर आठवेना. तो आला, बघून मागे सरला, आणि फोन लावायला गेला. ती तिथेच उभी होती. बघवत नव्हतं म्हणून तिने मान वर केली. चार मजले वर, टाकीच्या भिंतीवर, ओल्या विटेच्या रंगात त्याचं नाव होतं: भोवरा. शेवटचं अक्षर अर्धंच रंगवलेलं.

अठ्ठावीस वर्षं ती या गावातल्या भिंती वाचत आली होती. काही क्षणांतच तिच्या लक्षात आलं, की हे नाव त्याने लिहिलेलं नाही.

२

भिंतींवर रंगवणारी पोरं तिला खोडरबर म्हणत. समोर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. काम साधं होतं. गरम पाण्याचा पंप लावायचा, रंग उतरवायचा, पुढच्या भिंतीकडे जायचं. पण पुसण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा आणि मागे तारीख घालायची, हा नियम तिने आपणहून पाळला होता. ऑफिसच्या कपाटात असे अकरा हजार फोटो होते. साहेब त्याला रद्दी म्हणत.

त्या रद्दीने तिला हात ओळखायला शिकवलं होतं. कोण घाईत सही ठोकून पळतो, कोण फुग्यासारखी गुबगुबीत अक्षरं काढतो, कोण पुठ्ठ्याचा साचा कापून आणून दोन मिनिटांत उंदीर छापतो, हे ती लांबून सांगे. सगळ्यांत अवघड ते अक्षरांत अक्षर अडकवून केलेलं जंजाळ. त्याला ती गुंतवळ म्हणायची. भोवऱ्याची गुंतवळ गावात एकच होती. त्याची अक्षरं जागेवर गरगरत, बघणाऱ्याला भोवळ यावी तशी. ती पुसताना तिचा हात दर वेळी थोडा रेंगाळे.

इन्स्पेक्टरबाई नऊ वाजता आल्या. बारीक, झटपट बोलणाऱ्या, डोळ्यांखाली जागरण. दुपारपर्यंत त्यांचं मत ठरलं होतं. डॉक्टर म्हणत होते, की मृत्यू रविवारी संध्याकाळी पाचच्या आसपासचा. टाकीसमोरचा कठडा जेमतेम दीड हात रुंद. मुलगा दुपारपासून रंगवत होता, अर्ध्यात तोल गेला, खाली आला. फवाऱ्याच्या रंगाचा एक डबाही त्याच्याजवळ पडलेला. पुढच्या फाटकावरचा पहारेकरी काहीतरी धप्प वाजल्याचं सांगत होता खरा, पण दीड वाजता. बाईंनी ते सोडून दिलं. पहारेकरी जेवणानंतर डुलकी काढणारा, त्याच्या घड्याळावर कोण भरवसा ठेवणार.

खोडरबरने एकच विचारलं, की त्याच्या हातांत मोजे होते का. नव्हते.

"मग त्याचं बोट बघा," ती म्हणाली. "डबा दाबतात ते. तीन तास रंगवलेल्या माणसाचं बोट पहिल्या पेरापर्यंत रंगतं, दोन दिवस जात नाही. हा कधीच मोजे घालायचा नाही. मला शुक्रवारी भेटला तेव्हासुद्धा बोट निळं होतं. आज त्यावर जुना निळा आहे. वर सगळं लाल आहे."

 इन्स्पेक्टरबाईंनी ड्रायव्हरला पंप गाडीत परत ठेवायला सांगितलं, आणि दोघी लोखंडी जिना चढू लागल्या.

३

वर वारा होता. कठड्यावर उभं राहायला जीव धजेना म्हणून खोडरबर गुडघ्यांवर बसूनच सरकली. भिंत नाकाशी आल्यावर तिला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट कडांची. रंगवणारे आधी पुसट आराखडा मारतात, मग आतला रंग भरतात. तो बाहेर सांडला तरी फिकीर नसते, कारण शेवटी वरून ठळक बाह्यरेषा येते आणि सगळं झाकून टाकते. इथे उलटं होतं. काळी बाह्यरेषा आधी मारलेली, आणि लाल रंग तिच्या आत जपून, पोराने चित्रकलेच्या वहीत भरावा तसा भरलेला. कुठे कुठे लाल काळ्याच्या कडेवर चढला होता. म्हणजे लाल नंतरचा.

दुसरी गोष्ट ओघळाची. मधल्या अक्षराखाली एक फिकट गुलाबी ओघळ खाली उतरला होता. ओघळ कसला, मुद्दाम रंगवलेला, दोन डब्यांच्या छटा मिसळून, मोठ्या कष्टाने. भोवरा असले ओघळ कधीच काढत नसे. असा ओघळ त्याच्या नावाखाली आजवर एकदाच दिसला होता, कालव्याच्या भिंतीवर, तेरा वर्षांपूर्वी, आणि तोही त्याने काढलेला नव्हता. त्या सकाळी तिच्या पंपाचं तोंड गळत होतं. फोटो काढायच्या आधीच पाण्याचा फवारा मधल्या अक्षरावर उडाला आणि ताजा लाल रंग धुऊन खाली आला. तिने तसाच फोटो काढला आणि अर्ध्या तासात भिंत कोरी केली.

"हे माझ्या फोटोवरून उतरवलंय," ती म्हणाली.  "ही चूक माझी आहे. ती दुसरीकडे कुठे नाहीच."

इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं, तो फोटो कुणाकुणाकडे आहे.

शुक्रवारी भोवरा त्यासाठीच आला होता. त्याला आपल्या सगळ्यांत जुन्या अकरा भिंतींचे फोटो हवे होते, मागे तारखा आणि ऑफिसचा शिक्का मारून. एकीकडे संकोचत, एकीकडे आनंदात होता. ती म्हणाली होती, इतकी वर्षं मी तुझं पुसलं आणि तू माझ्याचकडे मागायला आलास. त्यावर तो म्हणाला होता, की ताई, जपून ठेवणारं दुसरं आहे कोण. तिने फोटो खाकी पाकिटात घालून दिले. कालव्याचा त्यांत होता. आजवर तो कपाटाबाहेर गेलाच नव्हता.

इन्स्पेक्टरबाईंनी प्रेताजवळच्या वस्तूंची यादी काढली. किल्ल्या, फुटलेला फोन, रुमाल, पाठीवरची पिशवी, रंगाचे डबे. पाकीट नव्हतं.

म्हणजे भोवरा मेला त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाच्या हातात होतं, आणि त्या माणसाने ते समोर धरून, मेलेल्याचं नाव भिंतीवर उतरवलं होतं.

४

बुधवारी दुपारपर्यंत टाकी धुवायची, असा वरून हुकूम होता. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, की तोवर मी माझ्या परीने बघते, पण या लोकांची भाषा मला येत नाही, तुम्हाला येते. खोडरबरने आयुष्यात पहिल्यांदा आजारपणाची खोटी रजा टाकली.

पहिला संशय चष्म्यावर होता, आणि तो सगळ्या गावाचाच होता. चष्मा हा भोवऱ्याचा नऊ वर्षांचा जोडीदार. अक्षरं भोवऱ्याची, शेजारची पात्रं चष्म्याची. मागच्या महिन्यात मात्र चष्म्याने भोवऱ्याच्या एका भिंतीवर स्वतःचं रंगवलं होतं. या लोकांत दुसऱ्याच्या कामावर चढणं याहून मोठा अपमान नाही. त्यावरून हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेलेली.

टी-शर्ट छापायच्या दुकानात तो पाठीमागच्या खोलीत बसला होता. डोळे सुजलेले. खोडरबरला बघून तो उठला, आणि नकळत त्याने रंगाने भरलेले हात मागे नेले. मग स्वतःशीच ओशाळला.

तो बराच वेळ बोलला. दोघं एका वर्गातले. शाळा सुटली की टीव्हीवरच्या कार्टूनपुढे बसायचे. भाड्याच्या दुकानात व्हिडिओ गेम खेळायचे. गेम सुरू होताना नाव चमकत यायचं ते वहीत उतरवायचे. कॉमिकमधले ढिशूम आणि धडामचे फुगे, रॅपच्या कॅसेटांची वेष्टनं, कुस्तीच्या कार्यक्रमातले पट्टे, हीच त्यांची चित्रशाळा. एका कार्टूनमध्ये नायक डोंगरावरून पडायचा तेव्हा सगळा पडदा गरगर फिरायचा. भोवऱ्याला त्यातून त्याचं अक्षर सापडलं. "पडणारा माणूस जे बघतो ते मला लिहायचंय, असं म्हणायचा," चष्मा म्हणाला.

त्याच्या भिंतीवर का चढलास, असं तिने विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं: रागाने. कारण हल्ली तीच फिरती अक्षरं सगळीकडे दिसत होती. गाण्यांच्या अल्बमवर, बुटांच्या जाहिरातीत, कार्टूनच्या नव्या मालिकेच्या नावात. ती करत होता भोवऱ्याचा थोरला भाऊ. मोठ्ठा डिझायनर, मुलाखती, बक्षिसं. प्रत्येक ठिकाणी तो सांगे की ही शैली मला सुचली. भोवरा मूग गिळून बसायचा, आणि चष्म्याला ते सहन होत नव्हतं.

"पण शुक्रवारी त्याचा फोन आला. म्हणाला, आता माझ्याकडे तारखा आहेत. रविवारी दादाला टाकीवर घेऊन जातो, तिथे सांगतो. भांडायला नाही. दोघांनी मिळून एक रंगवू म्हणाला, लहानपणी रंगवायचो तसं."

खोडरबरने फोनमध्ये काढलेला टाकीचा फोटो त्याला दाखवला. चष्म्याने तो मोठा करून पाहिला. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग चेहराच पांढरा झाला.

"बाह्यरेषा आधी?" तो म्हणाला. "आमच्यातला कुणी मेला तरी असं करणार नाही. हाताला सवयच नसते. हे रस्त्यावर शिकलेल्याचं नाही, ताई."

तिने विचारलं, थोरला कुठे शिकला.

"आमच्याबरोबरच. रस्त्यावर. तोसुद्धा असं करणार नाही."

५

थोरल्याच्या स्टुडिओत सगळं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात धाकट्याची अक्षरं. उशांवर, कपांवर, दारावर. खोडरबरला वाटलं, आपण पुसलेल्या भिंती इथे येऊन राहिल्यात.

थोरला चांगला वागला. खुर्ची दिली, पाणी दिलं. भावाबद्दल बोलताना त्याचा आवाज खरोखर फुटत होता, ते नाटक नव्हतं. तो म्हणाला, की त्याला किती वेळा सांगितलं उंचावर चढू नकोस म्हणून. महिनाभर आपली भेटच नव्हती. रविवारी मी दिवसभर इथेच होतो, एकटा.

तिने पाकिटाचा विषय काढला. खाकी पाकीट, अकरा फोटो, मागे तारखा. ती बोलत असताना तो मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटाभोवती घट्ट आवळला गेला होता. बाही जरा वर सरकली. मनगटावर नखांचे चार ओरखडे होते, धरणाऱ्याची पकड सुटताना उमटावेत तसे.

मला माहीत नाही, असं तो म्हणाला. पाकीट कसलं ते मला माहीत नाही.

रस्त्यावर आल्यावर तिने इन्स्पेक्टरबाईंना फोन केला. टाकीवर थोरला होता, तिने सांगितलं. चष्म्याची साक्ष आहे, ओरखडे आहेत, कारणही आहे. मग टाकीवरचं नाव त्यानेच काढलं, असं इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

इथेच तिला अडल्यासारखं झालं. थोरल्याने नाव काढायचं तर त्याला फोटो कशाला हवा? ती अक्षरं तर तो झोपेतही काढेल, वर्षानुवर्षं तेच विकतोय. आणि बाह्यरेषा आधी मारण्याची चूक तो करणार नाही. जो वर उभा राहून रंगवत होता त्याला भोवऱ्याचं अक्षर मुळीच येत नव्हतं. पण हात मात्र कसलेला होता. अक्षर शिकलेला, पण भिंतीवर नाही.

असा माणूस या गावात कोण आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. तिने फोन बंद केला आणि चालू लागली.

६

पाट्या रंगवणारे मास्तर त्यांच्या दुकानात होते. अडुसष्ट वर्षांचे, गुडघ्यांनी अधू, हात मात्र अजून स्थिर. दोन्ही मुलांचे वडील. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून धाकटा त्यांच्याजवळ वरच्या खोलीत राहायचा आणि थोरला वेगळा झाला होता.

खोडरबर आत आली तेव्हा ते एका दवाखान्याची पाटी करत होते. मुलाला पोचवून आल्याला एक दिवसही झाला नव्हता. त्यांनीच सांगितलं, की घरात बसवत नाही, हाताला काहीतरी लागतं.

ती स्टुलावर बसली आणि नुसती बघत राहिली. त्यांनी बारीक ब्रशने आधी अक्षराची बाह्यरेषा ओढली, एका दमात, श्वास रोखून. मग जाड ब्रश घेतला आणि आतला रंग रेषेपर्यंत आणून थांबवला. पुन्हा रेषा, पुन्हा रंग. रंगाचा थेंबही बाहेर नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "मधल्या अक्षराखालचा ओघळ त्याचा नव्हता. तो माझ्या पंपाचा होता."

ब्रश थांबला. दवाखान्याच्या पाटीवर पहिल्यांदाच एक थेंब पडला.

त्यांनी नाकारलं नाही. उठून दाराची फळी लावली, परत येऊन बसले, आणि टेबलाच्या खणातून खाकी पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. एका फोटोला लाल बोटांचे ठसे होते.

७

रविवारी दुपारी दोन वाजता थोरला घरी आला, ते सांगू लागले. दाराशीच खाली बसला. पहिल्यांदा काही कळेचना. मग तो बोलला. धाकट्याने त्याला टाकीवर नेलं, पाकीट दाखवलं. मागणं एवढंच होतं, की एकदा चारचौघांत सांग, ही अक्षरं माझ्या भावाची आहेत. थोरल्याला वाटलं, सगळं संपलं. त्याने पाकीट हिसकलं. धाकट्याने त्याचं मनगट धरलं. दीड हाताचा कठडा. पाकीट थोरल्याकडे राहिलं.

"म्हणाला, बाबा, तो गेला. मी त्याच्याबरोबर गेलो. मागच्या कुंपणातून. फळ्यांच्या आडून मला नुसते पाय दिसले." मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी जवळ गेलो नाही. गेलो असतो तर तिथून उठलोच नसतो. मग या दुसऱ्याचं काय झालं असतं? एक गेला होता. दोन्ही घालवायचे?"

थोरल्याकडचं पाकीट त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. पाठपिशवी वरच, कठड्यावर राहिली होती. त्यात लाल, काळा, पांढरा. धाकट्याने भावाबरोबर रंगवायला आणलेले. म्हातारा चार मजले चढला, एका एका पायरीवर बसत. रंगवताना तोल गेला असं लोकांना वाटायला हवं होतं. त्यासाठी भिंतीवर नाव हवं.

"आणि मग मी डबा हातात घेतला," ते म्हणाले, "आणि मला कळलं, की मला त्याचं अक्षर येत नाही. पंधरा वर्षं तो लिहीत होता. मी एकदाही बघायला गेलो नव्हतो. भिंती खराब करणं म्हणायचो मी त्याला. बाप असून पोराचं नाव फोटोत बघून काढावं लागलं. ओघळ दिसला, तोही काढला. मला वाटलं, त्याची काही खूण असेल."

लाल रंग संपला तेव्हा ते थांबले. पिशवी आणि एक डबा खाली टाकला, आणि जिन्याने उतरून घरी गेले. किती वाजता सुरू केलं, तिने विचारलं. तीनला असेल. आणि थांबलात कधी? पाच वाजून गेले होते, मालधक्क्याचा भोंगा नुकताच झाला होता.

खोडरबरच्या हातातून पाकीट खाली पडलं.

पहारेकऱ्याने दीड वाजता धप्प ऐकलं होतं. तो झोपलेला नव्हता. त्याचं घड्याळ बरोबर होतं. आणि डॉक्टरांचंही चुकलेलं नव्हतं. भोवरा दीडला पडला आणि पाचला गेला. मधले साडेतीन तास तो फळ्यांमागे जिवंत होता. थोरल्याने तो गेला असं ठरवलं, बापाने जवळ जाऊन पाहिलं नाही, आणि त्यातले दोन तास म्हातारा त्याच्या डोक्यावर चार मजले उंच उभा राहून, जपून जपून, त्याचंच नाव रंगवत होता.

मास्तरांनी वाकून पाकीट उचललं आणि तिच्या हातात दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हलकं झाल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना माहीत नव्हतं. तिने ते न सांगताच दाराची फळी काढली.

८

मास्तरांनी सगळं सांगून टाकल्याचं कळताच त्याच संध्याकाळी थोरल्याने स्वतः जाऊन जबाब दिला. इन्स्पेक्टरबाईंनी डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो वाचता वाचता थांबला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग उठून भिंतीशी गेला आणि तिथे कपाळ टेकून उभा राहिला, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी कोठडीतून त्याने एक पत्र बाहेर धाडलं. ते सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. त्यात लिहिलं होतं, की फिरती अक्षरं माझ्या भावाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मास्तरांना वयाकडे आणि गुडघ्यांकडे बघून जामीन मिळाला. टाकी धुवायचा हुकूम तीन आठवडे अडला, आणि मोकळा झाला तेव्हा खोडरबरने पंप स्वतः धरला. चष्मा खाली उभा होता. त्यानेच सांगितलं होतं, की ताई, ते राहू देऊ नका, ते त्याचं नाही.

खटला गुरुवारी उभा राहणार होता. मंगळवारी इन्स्पेक्टरबाईंचा फोन आला. त्या नेहमीसारख्या झटपट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद भर कोर्टात वाचला जाईल. वेळा, तास, सगळं. म्हाताऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. वकिलाचा धीर होत नाही, माझाही होत नाही.

खोडरबरने विचारलं, त्याला शुद्ध होती का. डॉक्टर काय म्हणतात.

सांगता येत नाही म्हणतात, इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. असेलही, नसेलही.

बुधवारी सकाळी ती दुकानात गेली. मास्तर रिकामे बसले होते, हातात ब्रश नव्हता. तिने स्टूल त्यांच्या अगदी समोर ओढलं. घरून निघताना जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. मग तिने सरळ सांगितलं. दीड वाजता पडला, पाच वाजता गेला.

रस्त्यापलीकडे शिवणयंत्र चालू होतं. मास्तर हिशेब घालत होते, ते तिला दिसत होतं. दीड, दोन, तीन. त्यांचे ओठ हलत होते. मग थांबले.

"मी वर होतो तेव्हा?"

"हो."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. पालथे केले, उताणे केले. तिला वाटलं, आता हा माणूस खाली कोसळणार. तिने नकळत हात पुढे केला. पण ते कोसळले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि लहान मुलासारखं तिच्या तोंडाकडे बघत विचारलं:

"त्यानं हाक मारली असेल का?"

अठ्ठावीस वर्षांत तिने एकाही फोटोमागे चुकीची तारीख घातली नव्हती. साहेबांनी सांगूनही नाही.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी नीट बघितलंय. पडला तेव्हाच शुद्ध गेली होती. त्याला काही कळलं नाही, मास्तर."

ते तिच्याकडे बघत राहिले. विश्वास बसला की नाही, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवशी कोर्टात डॉक्टरांचा कागद वाचून झाला, आणि मास्तरांना काही विचारायचं आहे का असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा त्यांनी एकदा मागच्या बाकावर बसलेल्या खोडरबरकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.